बेल्ट कापतोय की नुसता घासतोय?

प्रश्न : सुरीची पाती घासायला बेल्ट ग्राइंडरसाठी (घासपट्टा फिरवणारे मशीन) महागाचा ६० नंबरचा सिरॅमिक बेल्ट आणला. पाते बिघडू नये म्हणून हलक्या हाताने, कमी वेगात घासतो. तरी दोन पात्यांतच बेल्ट गुळगुळीत होऊन चमकायला लागला. माल खोटा निघाला का?

माल खरा असावा, हलका हात नडला. सिरॅमिकचा दाणा दाबाखाली बारीक तुटतो आणि तुटला की नवी धारदार कड पुढे येते. दाबच मिळाला नाही, तर दाण्याचे टोक तुटण्याऐवजी घासून बोथट होते. तुम्हाला दिसते ती चमक त्याचीच. सिरॅमिक बेल्ट खरडकामाला, भरपूर वेगात आणि ठाम दाबाने वापरा. हलक्या हाताचे काम साध्या ॲल्युमिनियम ऑक्साइडला द्या, त्याला ते मानवते.

आणखी एक. कापून आणलेल्या पट्टीची काटकोनी कड नव्या बेल्टला थेट लावू नका, ती दाणे उपटून काढते. आधी एखाद्या मेलेल्या बेल्टवर कड ४५ अंशांत मोडून घ्या, मग नवा बेल्ट चढवा. माझ्याकडे या एका कामासाठी दोन-तीन म्हातारे बेल्ट खुंटीवर कायम टांगलेले असतात.

बेल्ट साफ करायचा रबराचा ठोकळा इथे उपयोगाचा नाही. लाकूड, राळ, पितळ असे काही दाण्यांमध्ये अडकून बेल्ट तुंबला असेल, तर रबराने तो मोकळा होतो. बोथट झालेल्या दाण्याला रबर काय करणार?

प्रश्न : ४०० नंबरच्या बेल्टपर्यंत (नंबर मोठा तसा दाणा बारीक) छान फिनिश येते. पण पाते खिडकीपाशी नेले की आडवेतिडवे खोल ओरखडे दिसतात. हे कुठून येतात?

कुठूनही येत नाहीत, ते पहिल्यापासून तिथेच होते. बहुतेक तुमच्या पहिल्या खरड बेल्टचे.

'पी' मालिकेतल्या (युरोपीय मापाच्या) दाण्याची सरासरी जाडी पाहा: पी ६० साधारण २७० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग म्हणजे एक मायक्रॉन), पी १२० म्हणजे १२५, पी २२० म्हणजे ६८, पी ४०० म्हणजे ३५. प्रत्येक पायरीला जाडी जवळजवळ निम्मी होते, म्हणून ही चढण हाताला जमते. पी ६० वरून थेट पी ४०० वर उडी मारली, तर ३५ मायक्रॉनच्या दाण्याने २७० च्या दाण्याची चर बुजवायला निघालात. चर तशीच राहते, फक्त तिच्या कडा चकचकीत होतात. उजेड तिरपा पडला की ती उठून दिसते.

माझी पद्धत सांगतो. पहिल्या बेल्टचे ओरखडे पाठीकडून धारेकडे उभे येऊ द्यावेत. पुढच्या बेल्टला पाते थोडे तिरके धरावे, त्याच्या पुढच्याला उलट बाजूने तिरके. दिशा बदलली की जुना ओरखडा लपत नाही. एक ओरखडा जरी जुन्या दिशेचा दिसला, तरी बेल्ट बदलायचा नाही. दिवा डोक्यावर नको, बाजूला आणि खाली हवा. कंटाळा येतोच, पण पी १२० वर घालवलेली पाच मिनिटे शेवटी हाताने पेपर मारण्याचा तासभर वाचवतात.

जाता जाता, नंबरापुढचा 'पी' वाचत चला. पी ४०० आणि अमेरिकन मापातला नुसता ४०० एक नव्हे. पी ४०० तिकडच्या ३२० च्या आसपास बसतो. दोन मापांचे बेल्ट एका पेटीत मिसळले की पायऱ्या चुकतात.

प्रश्न : पाणी दिलेल्या (तापवून, बुडवून कडक केलेल्या) पात्याचे टोक घासताना निळे पडले. निळा रंग घासून काढला. आता ठीक ना?

नाही. रंग गेला, मऊपणा राहिला. साध्या कार्बन पोलादाच्या सुरीचे टेम्परिंग (पाणी दिल्यावर ठिसूळपणा घालवायला पुन्हा हलके तापवणे) साधारण २०० अंश सेल्सिअसला होते. निळा रंग ३०० च्या आसपास येतो. म्हणजे टोकाचे पाणी उतरले. निळ्या भागाच्या मागे जाईपर्यंत टोक कापून सुरी थोडी आखूड करा, किंवा पुन्हा पाणी द्या.

हे मीही केले आहे. शेवटचा एकच हात राहिला होता, नवा बेल्ट कशाला काढा म्हणून झिजलेल्यानेच मारला, आणि दोन दिवसांच्या कामाचे टोक क्षणात मोरपंखी झाले. बोथट दाणा कापत नाही, घासतो, आणि घर्षणाची उष्णता पात्यातच राहते. त्यात टोक आणि धार सगळ्यांत पातळ, उष्णतेला पळायला जागाच नाही. म्हणून पाणी दिल्यानंतर ताजा बेल्ट, कमी वेग, उघडी बोटे, आणि प्रत्येक हातानंतर पाते पाण्याच्या बादलीत. बोटाला चटका बसेपर्यंत थांबू नका, कोमट लागले की बुडवा.

प्रश्न : प्रत्येक फेऱ्याला बेल्ट 'टक टक' करतो आणि पात्यावर लाटा उठतात.

बेल्टची दोन टोके जोडलेली जागा, म्हणजे जोड, जाड आहे. खरडताना चालेल, फिनिशला नाही. फिनिशसाठी टोकाला टोक भिडवलेल्या, पातळ जोडाचा बेल्ट घ्या. एकावर एक चढवलेला जोड असेल, तर बेल्टच्या आतल्या बाजूवर छापलेल्या बाणाच्या दिशेनेच चालवा, नाहीतर जोड उखडतो.

प्रश्न : पात्याच्या बेल्टवरच लाकडी मूठ घासली तर? आणि हातमोजे घालावेत का?

मुठीचे बेल्ट वेगळे ठेवा. पोलादाची पूड फिकट लाकडाच्या रंध्रांत शिरून काळे ठिपके पडतात, ते निघत नाहीत. त्याहून वाईट म्हणजे मशीनखाली साठलेल्या भुशावर पोलादाची ठिणगी पडली तर तो तासभर आतल्या आत धुमसू शकतो. पाते आणि मूठ यांच्यामध्ये मशीन झाडून घ्या. मास्क दोन्हींना हवा, आणि तो कापडी रुमाल नव्हे, बारीक धूळ अडवणारा.

हातमोजे नकोत. सैल कापड बेल्ट आणि पट्टीच्या फटीत ओढले गेले, तर त्यामागे बोटही जाते.