रिपब्लिकन पक्ष : पुराणमतवादी, जहाल की कडवा?

अमेरिकेतल्या बातम्या मराठीत आणणाऱ्या एका वाचकभगिनीने विचारलं आहे : रिपब्लिकन पक्षाला आपण वर्षानुवर्षं 'पुराणमतवादी' म्हणत आलो, ते विशेषण आजही चालेल का? 'अतिरेकी' म्हटलं तर बंदूकधारी डोळ्यांपुढे येतात, 'कट्टर' मोघम वाटतो आणि 'जहाल' लिहिलं की लोकमान्य आठवतात. मग लिहायचं काय?

उत्तर आधी सांगून टाकतो. पक्षाच्या जुन्या इतिहासाबद्दल लिहिताना 'पुराणमतवादी' ठेवा. गेल्या दहा-पंधरा वर्षांतल्या पक्षाबद्दल लिहिताना तो काढा आणि 'कडवा उजवा' वापरा. 'जहाल' भाषणाला लावा, पक्षाला नको. 'अतिरेकी' मात्र फार जपून. आता कारणं.

'पुराणमतवादी' हा शब्द आपल्याकडे सुधारकांशी झालेल्या वादात रुळला. जुनं मत धरून ठेवणारा, बदलाकडे संशयाने पाहणारा, एवढंच तो सांगतो. माणसाच्या स्वभावाबद्दल, तो विरोधकाशी कसा वागतो याबद्दल तो काहीच बोलत नाही. पुराणमतवादी माणूस अगदी सौम्य, नियम पाळणारा, समोरच्याचं ऐकून घेणारा असू शकतो. उलट नियम, संस्था, परंपरा यांना हात लावू नका हाच त्याचा आग्रह असतो. ब्रिटनमधल्या त्या जातीच्या पक्षाला आपल्या जुन्या वर्तमानपत्रांनी 'हुजूर पक्ष' असं झकास नाव दिलं होतं, समोर 'मजूर पक्ष' असल्यामुळे ते शोभूनही दिसायचं. अमेरिकेतल्या पक्षाला मात्र असं खास मराठी नाव मिळालं नाही, म्हणून विशेषणावर सगळा भार पडला.

रिपब्लिकन पक्षाला ते विशेषण पूर्वी बऱ्यापैकी बसत होतं. कर कमी, सरकारी खर्चाला लगाम, केंद्राची सत्ता मर्यादित, राज्यांना अधिकार, असा त्याचा साधारण सूर. पण त्या छत्राखाली बरेच प्रकार नांदत होते. १८५४ साली हा पक्ष जन्मला तोच गुलामगिरीच्या विस्ताराला विरोध करण्यासाठी. १९६४ चा नागरी हक्क कायदा सिनेटमध्ये आला तेव्हा ३३ पैकी २७ रिपब्लिकन सदस्यांनी त्याच्या बाजूने मत दिलं. पर्यावरण संरक्षणाची केंद्रीय यंत्रणा १९७० मध्ये उभी राहिली ती याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या काळात. कागदपत्रांशिवाय राहणाऱ्या सुमारे २७ लाख स्थलांतरितांना कायदेशीर दर्जा मिळाला तो १९८६ च्या कायद्याने, आणि त्यावर सही याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष रेगन यांची होती. आज त्या पक्षात असं काही मांडणाऱ्याला तिकीट टिकवणं अवघड आहे.

आता 'जहाल'कडे येऊ, कारण इथे शब्दाचा आणि घटनेचा फार जवळचा संबंध आहे. १९०७ मध्ये सुरतेला काँग्रेस फुटली तेव्हा इंग्रजी वृत्तपत्रं दोन गटांना 'एक्स्ट्रीमिस्ट' आणि 'मॉडरेट' म्हणत होती. मराठीत त्याचेच जहाल आणि मवाळ झाले. नेमके हेच दोन शब्द जुलै १९६४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या काऊ पॅलेसमध्ये रिपब्लिकन अधिवेशनात आमनेसामने आले. न्यूयॉर्कचे गव्हर्नर नेल्सन रॉकफेलर व्यासपीठावर उभे राहिले आणि त्यांनी मागणी केली की पक्षाने आपल्या जाहीरनाम्यात एक्स्ट्रीमिस्टांचा निषेध करावा, म्हणजे कम्युनिस्टांचा, कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णवर्चस्ववादी संघटनेचा आणि जॉन बर्च सोसायटी या कम्युनिस्टविरोधी संघटनेचाही. ही जॉन बर्च सोसायटी १९५८ मध्ये स्थापन झाली होती आणि तिच्या संस्थापकाच्या मते आयझेनहॉवर, म्हणजे त्यांच्याच पक्षाचे राष्ट्राध्यक्ष, कम्युनिस्टांचे हस्तक होते. रॉकफेलर यांना सभागृहाने हुर्यो करून वारंवार अडवलं. ठराव फेटाळला गेला. दोनच दिवसांनी राष्ट्राध्यक्षपदाची उमेदवारी स्वीकारताना सिनेटर बॅरी गोल्डवॉटर म्हणाले ते मराठीत असं येईल : स्वातंत्र्याच्या रक्षणासाठी जहाल होणं हा दुर्गुण नव्हे, आणि न्यायाच्या मागे जाताना मवाळ राहणं हा सद्गुण नव्हे.

हे वाक्य मराठीत किती सहज बसतं ते पाहा. आणि तिथेच अडचण आहे. परकीय सत्तेविरुद्ध उभं राहणारा तो जहाल, हा अर्थ आपल्याकडे इतका मुरला आहे की त्या शब्दाला मान चिकटलेला आहे. गोल्डवॉटर यांना तोच मान हवा होता, म्हणून त्यांच्या वाक्याच्या भाषांतरात 'जहाल' चपखल आहे. पण बातमीदाराने स्वतःच्या तोंडून पक्षाला 'जहाल' म्हटलं तर तो नकळत त्यांच्या बाजूची साक्ष देतो. 'जहाल भाषण', 'जहाल टीका' यांत ही भीती नाही, तिथे शब्द फक्त तिखटपणा सांगतो.

गोल्डवॉटर दणकून हरले. सहा राज्यं मिळाली, डेमोक्रॅट राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी सुमारे ६१ टक्के मतं घेतली. पण त्या सहांपैकी पाच राज्यं अगदी दक्षिणेकडची होती, आणि गोल्डवॉटर हे नागरी हक्क कायद्याविरुद्ध मत देणाऱ्या त्या सहा रिपब्लिकन सिनेटरांपैकी एक होते. दक्षिणेतला गोरा मतदार आपल्याकडे येऊ शकतो हे पक्षाला तिथे दिसलं. पुढच्या तीस वर्षांत तो आलाच.

भाषेत रस असलेल्या माणसाने ज्या कागदापाशी थांबायलाच हवं तो १९९० चा आहे. प्रतिनिधिगृहातले रिपब्लिकन नेते न्यूट गिंग्रिच यांच्या पुढाकाराखाली चालणाऱ्या गोपॅक या संघटनेने रिपब्लिकन उमेदवारांना एक टिपण पाठवलं. शीर्षकाचा अर्थ : भाषा, नियंत्रणाचं कळीचं साधन. त्यात दोन याद्या होत्या. आपल्याबद्दल बोलताना वापरायचे शब्द : संधी, सत्य, धैर्य, सुधारणा, कुटुंब, स्वातंत्र्य. विरोधकांबद्दल वापरायचे शब्द : सडलेले, केविलवाणे, भ्रष्ट, लाजिरवाणे, विश्वासघात, देशद्रोही. निवडणुकीत विरोधकाला चुकीचा ठरवणं वेगळं आणि देशद्रोही ठरवणं वेगळं. चुकीच्या माणसाशी तडजोड करता येते, देशद्रोह्याशी तडजोड करणारा स्वतःच संशयित होतो. दुसऱ्या यादीत 'लिबरल' हाही शब्द होता, म्हणजे समोरच्याच्या विचारसरणीचं सरळ नावच शिव्यांमध्ये जाऊन बसलं. आणि त्याच यादीत होतं 'स्टेटस को'. जैसे थे! जो पक्ष 'जैसे थे' हे विरोधकाला हिणवण्यासाठी वापरतो त्याला आपण मराठीत स्थितिवादी किंवा पुराणमतवादी कसं म्हणायचं? माझ्या मते या विशेषणाचा पाया तिथेच ढासळला. १९९४ मध्ये पक्षाने प्रतिनिधिगृहात ५४ जागांची भर घातली, गिंग्रिच सभापती झाले, आणि १९९५-९६ च्या हिवाळ्यात सरकारी कामकाज सलग २१ दिवस बंद पडलं.

त्यानंतरची वाट माहितीतली आहे. २०१० मध्ये टी पार्टी या कर आणि सरकारी खर्चाविरुद्धच्या चळवळीच्या लाटेत ६३ जागांची कमाई, २०१३ मध्ये ओबामांच्या आरोग्य कायद्यावरून १६ दिवस पुन्हा सरकारी कामकाज बंद, २०१४ मध्ये सभागृहातले पक्षाचे दुसऱ्या क्रमांकाचे नेते एरिक कँटर प्रायमरीत पराभूत. ही प्रायमरी, म्हणजे उमेदवार ठरवणारी पक्षांतर्गत निवडणूक, या सगळ्याचं इंजिन आहे. तिला मतदार थोडे येतात आणि जे येतात ते जास्त तापलेले असतात. मतदारसंघ पक्षासाठी सुरक्षित असला की आमदार-खासदाराला भीती समोरच्या पक्षाची उरत नाही, आपल्याच उजवीकडून येणाऱ्याची असते. मग जो जरा मवाळ बोलेल त्याला 'नावापुरता रिपब्लिकन' हा शिक्का बसतो. इंग्रजीत त्याचा चार अक्षरांचा 'रायनो' झाला आहे, मराठीत 'नावापुरता' पुरेसं आहे आणि जास्त बोलकंही.

६ जानेवारी २०२१ ला, निवडणूक हरलेल्या ट्रम्प यांच्या समर्थकांनी कॅपिटलवर, म्हणजे संसद भवनावर हल्ला केला. त्याच रात्री, काचा अजून फरशीवर असताना, १४७ रिपब्लिकन सदस्यांनी किमान एका राज्याच्या निकालाला आक्षेप घेणारं मत दिलं. वायोमिंगच्या रिपब्लिकन प्रतिनिधी लिझ चेनी यांनी ट्रम्प यांच्यावरील महाभियोगाला पाठिंबा दिला. मे मध्ये त्यांचं पक्षातलं नेतेपद काढून घेतलं गेलं आणि ते एलिस स्टेफानिक यांना मिळालं. आता मतदानाचा हिशेब पाहा. ट्रम्प यांच्या पहिल्या कार्यकाळात चेनी यांनी ९० टक्क्यांहून अधिक वेळा त्यांच्या धोरणांच्या बाजूने मत दिलं होतं, स्टेफानिक यांचं प्रमाण ८० टक्क्यांच्या आत होतं. म्हणजे मतांनी जास्त पुराणमतवादी असलेली बाई बाहेर गेली आणि कमी पुराणमतवादी असलेली आत आली. कर, गर्भपात, बंदुका, संरक्षण या सगळ्यांवर चेनी जुन्याच जागी उभ्या होत्या. त्यांनी एकच गोष्ट नाकारली, हरलेली निवडणूक जिंकली म्हणणं. २०२२ मध्ये प्रायमरीत त्या जवळजवळ ३७ टक्क्यांच्या फरकाने हरल्या. महाभियोगाच्या बाजूने मत देणाऱ्या दहा रिपब्लिकन प्रतिनिधींपैकी दोघेच पुढच्या सभागृहात उरले.

म्हणून या बाबतीत मराठीत दोन वेगळी मापं लागतात. माणूस कुठे उभा आहे यासाठी 'उजवा'. तो किती ताठ, किती वैरभावाने उभा आहे यासाठी 'कडवा'. आपण 'कडवा विरोध' म्हणतो, 'कडवा अनुयायी' म्हणतो. त्यात निष्ठा आणि शत्रुत्व दोन्ही येतात, आणि बंदूक आपोआप येत नाही. 'कडवा उजवा' हे जोडविशेषण आजच्या पक्षनेतृत्वाचं वर्णन अचूक करतं आणि वाचकाला अनावश्यक भडकवतही नाही.

'कट्टर' टाकून द्यायचा शब्द नाही. पण तो निष्ठा सांगतो, मत सांगत नाही. कट्टर काँग्रेसवाला, कट्टर शिवसैनिक. 'कट्टर ट्रम्प समर्थक' हे अगदी बरोबर मराठी आहे. २०२० मध्ये पक्षाने नवा जाहीरनामाच केला नाही, राष्ट्राध्यक्षांच्या धोरणांना पाठिंबा चालू राहील असा ठराव केला. अशा वेळी 'कट्टर'ची गरज पडतेच. 'सनातनी' नको, तो हिंदू धर्माच्या चर्चेला इतका बांधलेला आहे की टेक्ससच्या बॅप्टिस्टाला लावला तर वाचक गोंधळेल. 'मूलतत्त्ववादी' फक्त धर्माच्या संदर्भात. 'प्रतिगामी' हा निवाडा आहे, अग्रलेखात चालेल, बातमीत नको.

'अतिरेकी'बद्दल जरा जास्त. अतिरेक म्हणजे प्रमाणाबाहेर जाणं, आणि शब्दकोशानुसार 'एक्स्ट्रीमिस्ट'ला हाच प्रतिशब्द बसतो. पण ऐंशीच्या दशकात पंजाबच्या बातम्यांनी तो शब्द शस्त्रधाऱ्यांना दिला तो परत मिळाला नाही. म्हणून तो तिथेच वापरावा जिथे हिंसा आहे. प्राऊड बॉइज आणि ओथ कीपर्स या ६ जानेवारीच्या हल्ल्यातल्या जहाल उजव्या संघटनांच्या म्होरक्यांना न्यायालयाने सरकारविरुद्ध कट केल्याबद्दल दोषी ठरवलं होतं, त्यांच्यासाठी 'अतिरेकी' लिहायला मला संकोच वाटत नाही. पक्षाच्या कोट्यवधी मतदारांसाठी तो लिहिणं अन्याय आहे. रेष मात्र पुसट होत चालली आहे आणि ते लिहायला हवं. फेब्रुवारी २०२२ मध्ये पक्षाच्या राष्ट्रीय समितीने, ६ जानेवारीच्या चौकशी समितीवर बसलेल्या आपल्याच पक्षाच्या चेनी आणि अॅडम किन्झिंगर यांच्या निषेधाचा ठराव केला. या चौकशीला ठरावात 'वैध राजकीय विचारविनिमय' करणाऱ्या सामान्य नागरिकांचा छळ म्हटलं. हिंसा करणारे आम्हाला अभिप्रेत नव्हते, असा खुलासा नंतर झाला. पण ठरावाच्या मजकुरात तो फरक नव्हता. आणि २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी त्या प्रकरणातल्या सुमारे १५०० जणांना माफी दिली, पोलिसांवर हात उचलणारेही त्यात आले.

डेमोक्रॅटही डावीकडे सरकलेत, मग एकाच पक्षाला विशेषण का, असं कोणी विचारेल. सरकलेत हे खरं आहे. पण गेल्या पन्नास वर्षांतल्या सभागृहांमधल्या मतदानाची मोजणी करणारे अभ्यासक सांगतात की रिपब्लिकनांचं सरकणं बरंच जास्त आहे. शिवाय निवडणुकीचा निकाल न मानण्याला पक्षनेतृत्वाने पाठबळ देणं हे २०२० नंतर एकाच बाजूला घडलं आहे. दोघांना समान विशेषण देण्याने बातमी संतुलित होत नाही, चुकीची होते.

तुमच्या प्रश्नात शेवटी 'मागा'बद्दलही होतं. 'मागा' असं लिहिलं की मराठी वाचक ते 'मागणे'चं आज्ञार्थी रूप म्हणून वाचतो आणि वाक्यात अडखळतो. अमेरिकेत उच्चारही 'मॅगा' असाच आहे, तेव्हा 'मॅगा' लिहा, आणि लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'अमेरिकेला पुन्हा महान करा या घोषणेवरून आलेला गट' एवढी ओळख जोडा.