पिलाटीजमध्ये प्रत्येक हालचाल इतकी हळू का करायला लावतात? त्याने खरंच काही होतं का?

तुम्ही लिहिलंय की तीन वर्षं जिममध्ये वजनं उचलून झाल्यावर दीड महिन्यापूर्वी पिलाटीज, म्हणजे शरीरावर ताबा ठेवून सावध हालचाली करायचा व्यायामप्रकार, सुरू केलंत. तासाभरात धड घामही येत नाही आणि शिक्षिका दर दोन मिनिटांनी "अजून हळू" म्हणतात. हा व्यायाम आहे की वेळ घालवणं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी पुण्यात सहा वर्षं पिलाटीज करतेय, आठवड्यातून तीन दिवस. शिकवत नाही, अजून शिकतेच आहे. माझ्या अनुभवाने सांगते, त्याने होतं आणि बरंच होतं. हालचाल हळू केली की स्नायूंना अंग चोरता येत नाही.

शाळेच्या क्रीडादिनाला स्लो सायकलिंगची शर्यत असायची, आठवतेय? जो सगळ्यात शेवटी पोचेल तो जिंकणार, पाय टेकला की बाद. वेगात सायकल कुणीही सरळ नेतं, कारण वेगच तिला उभं ठेवतो. वेग काढून घेतला की तोल सांभाळायचं सगळं काम आपल्यावर येतं. व्यायामातही तसंच आहे. झटक्यात उचललेला पाय सुरुवातीच्या हिसक्यावर अर्धा रस्ता फुकट जातो. त्या अर्ध्या रस्त्यात ज्या स्नायूंनी काम करायला हवं होतं ते आराम करतात आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मला हे कळलं ते रोल-अपमुळे. उताणं झोपायचं, हात डोक्यामागे लांब, आणि एकेक मणका जमिनीवरून सोलून काढावा तसं उठत पायांच्या बोटांपर्यंत जायचं. पहिल्याच तासाला मी दहा रोल-अप सलग करून दाखवले होते. शिक्षिका म्हणाल्या, "आता एकच करा, पण आठ आकडे मोजत." खांद्याची पाती जमिनीवरून सुटेपर्यंत ठीक होतं. त्याच्या पुढे मी अडकले. पाय आपोआप वर उचलले जायला लागले, मान ताठ झाली, श्वास कोंडला. त्या म्हणाल्या, "ही जागा तुम्ही प्रत्येक वेळी उडी मारून ओलांडत होतात."

कंबरेच्या मणक्यांपासून निघून मांडीच्या हाडाला जोडलेले स्नायू असतात, पाय पोटाकडे ओढणारे. माझं सगळं उठणं त्यांच्या जोरावर चाललं होतं. पोटाचे स्नायू सुरुवात करून गप्प बसत होते, आणि कंबरेचा भाग गोल वळायच्या ऐवजी फळीसारखा एकसंध वर येत होता. दिवसभर संगणकासमोर बसून माझी कंबर दुखायची, त्यामुळे हे ऐकून मी घाबरलेच. पण उपाय फार साधा निघाला. दोन महिने रोल-अप बंद आणि फक्त उलटा प्रवास. गुडघे दुमडून बसायचं, हातांनी मांड्यांना मागून धरायचं आणि सहा आकड्यांत मागे मागे जात झोपायचं. कंबर आधी टेकली पाहिजे, मग बरगड्या, मग पाती. दिवसाला सहा वेळा, बस्स.

उलटा प्रवासच का? स्नायू आखडत वजन उचलतो त्यापेक्षा जास्त वजन तो लांबत जाताना सांभाळू शकतो. म्हणून जी गोष्ट वर नेता येत नाही ती सावकाश खाली सोडता येते, आणि सोडता सोडता ताकद येते. सिंहगड चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात त्या उतरण्यामुळे. उतरताना मांडीचे स्नायू लांबत लांबत ब्रेक लावत असतात. जिममध्ये बहुतेक लोक वजन उचलण्याकडे लक्ष देतात आणि खाली मात्र सोडून देतात. तुम्हीही तसं करत असाल तर तुमचं अर्धं काम आजवर गुरुत्वाकर्षणाने केलंय. तिसऱ्या महिन्यात माझा पहिला खरा रोल-अप झाला, एकच, थरथरत, आणि मला इतका आनंद झाला की घरी फोन करून सांगितलं.

रिफॉर्मरवर, म्हणजे स्प्रिंगांना जोडलेली सरकती बैठक (कॅरेज) असलेल्या पिलाटीजच्या यंत्रावर, हे आणखी स्पष्ट दिसतं. स्प्रिंग जितकी ताणाल तितकी जोराने मागे ओढते. कॅरेज बाहेर ढकलताना तुम्ही स्प्रिंगला हरवता, पण परत येताना स्प्रिंग तुम्हाला खेचत असते आणि तिला थोपवत थोपवत घरी यायचं असतं. म्हणून कॅरेज शेवटच्या अडसरावर आदळल्याचा खाडकन आवाज आला की समजायचं, शेवटच्या टप्प्यात ताबा सुटला होता. जिममधून आलेल्यांना आणखी एक गोष्ट पचत नाही. पोटाच्या आणि तोलाच्या कित्येक व्यायामांत स्प्रिंग कमी केली की काम अवघड होतं, कारण आधार कमी होतो.

आता दुसरी बाजू, कारण हळू म्हणजेच पिलाटीज असा समज मला चुकीचा वाटतो. ही पद्धत काढणारे जोसेफ पिलाटीज यांचा जन्म १८८३ सालचा, जर्मनीतला. पहिल्या महायुद्धात ते इंग्लंडमध्ये होते, जर्मन म्हणून त्यांना आयल ऑफ मॅन बेटावरच्या छावणीत स्थानबद्ध केलं गेलं, आणि १९२६च्या सुमारास ते न्यूयॉर्कला गेले. आपल्या पद्धतीला त्यांनी नाव दिलं होतं 'कंट्रोलॉजी'. म्हणजे नियंत्रणाचं शास्त्र. मंदपणाचा उल्लेख त्या नावात कुठे नाही. त्यांच्या मॅटवरच्या ३४ व्यायामांत पहिलाच 'हंड्रेड' आहे. त्यात पाच आकडे श्वास आत, पाच आकडे बाहेर, आणि प्रत्येक आकड्याला सरळ हातांचा एक ठोका, असे दहा श्वास म्हणजे शंभर ठोके. ते हात चांगले चपळ हलतात, पण धड तसूभरही हलता कामा नये. पाठीवर चेंडूसारखं लोळायचा व्यायाम तर हळू करताच येत नाही, त्यात झोक घ्यावाच लागतो आणि नेमका थांबवावा लागतो. तेव्हा तुमच्या शिक्षिका प्रत्येक व्यायामाला एकच "हळू" लावत असतील तर त्यांना जरूर विचारा की या व्यायामात हळू कशासाठी. चांगल्या शिक्षिकेला हा प्रश्न आवडतो.

स्नायू मोठे करणं हेच ध्येय असेल तर हळूपणात जादू नाही. २०१५ साली या विषयावरच्या अभ्यासांचं एक एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध झालं. एक आवर्तन अर्ध्या सेकंदात करा की आठ सेकंदांत, स्नायू थकेपर्यंत केलंत तर वाढ साधारण सारखीच होते, असं त्यात दिसलं. दहा सेकंदांच्या पुढे ताणलं तर उलट कमी पडण्याची शक्यता आहे. म्हणून माझा सल्ला आहे की जिम सोडू नका. आठवड्यातून दोन दिवस वजनं आणि दोन दिवस पिलाटीज असं केलंत तर पिलाटीजमध्ये सापडलेली चोरीची जागा तुम्हाला स्क्वॉटमध्येही दिसायला लागेल.

आकडे मोजताना एक चूक मी वर्षभर केली, ती तुम्ही करू नका. मी श्वास रोखून मोजायचे. त्याने चेहरा लाल होतो, रक्तदाब वाढतो आणि मान आखडते. मोजणी श्वासावर सोडा. ब्रिज करताना, म्हणजे उताणं झोपून गुडघे दुमडून कंबर वर उचलताना, श्वास सोडत माकडहाडापासून वर या, वर थांबून श्वास घ्या, पुन्हा सोडत छातीच्या मागच्या बाजूपासून एकेक मणका टेकवत खाली या. तुमचा श्वास जितका लांब तितकीच तुमची गती. चार आकड्यांत संपत असेल तर चार. थरथर सुटली तर घाबरू नका, स्नायू थकत आलेत एवढाच त्याचा अर्थ. दुखायला लागलं तर मात्र थांबा, विशेषतः कळ पायात उतरत असेल तर. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान झालेल्यांनी रोल-अपसारखे पाठ गोल करणारे व्यायाम करूच नयेत, हळू केले तरीही.

घरी करून बघायला एक परीक्षा सांगते. हात छातीवर बांधून खुर्चीसमोर उभे राहा आणि सहा आकडे मोजत बसा. बहुतेकांचं शेवटच्या चार बोटांच्या अंतरात धपकन होतं. माझी आई चौऱ्याहत्तर वर्षांची आहे, ती तर निम्म्यातूनच स्वतःला सोडून द्यायची. फिजिओथेरपिस्टना विचारून आम्ही रोज आठ वेळा हेच सुरू केलं, आधी खुर्चीवर दोन उशा ठेवून, मग एक, मग नुसती खुर्ची. त्यांनी एक गोष्ट मुद्दाम बजावली होती की बसताना सावकाश, पण उठताना चपळ. पाय अडखळला तर सावरायला वेगच लागतो, आणि वयाबरोबर ताकदीपेक्षाही तो आधी जातो. आता आई बसते तेव्हा खुर्चीचा आवाज येत नाही.

पुढच्या तासाला तुम्ही एवढंच करा. पायांनी कॅरेज ढकलायच्या व्यायामात बाहेर जाताना दोन आकडे मोजा, परत येताना चार, आणि शेवटच्या वीतभर अंतरात डोळे मिटून कुठला पाय आधी सैल पडतो ते बघा. माझा डावा पडायचा.