वाचकांचे प्रश्न : कोळसुंद्यांच्या मागावर सहा महिने

प्रश्न : मी शिवाजी विद्यापीठातून प्राणिशास्त्रात एम.एस्सी. पूर्ण केले आहे. राधानगरी ते चंदगड या पट्ट्यात कोळसुंद्यांचे, म्हणजे रानकुत्र्यांचे, सर्वेक्षण करणाऱ्या एका संस्थेने मला नोव्हेंबरपासून सहा महिन्यांच्या इंटर्नशिपसाठी बोलावले आहे. राहण्याजेवणाची सोय संस्था करणार आहे, मानधन मात्र नाही. हे काम प्रत्यक्षात कसे असते, प्राणी पाहायला मिळतो का आणि होकार कळवण्यापूर्वी मी काय विचारून घ्यावे?
— एक विद्यार्थिनी, राजारामपुरी, कोल्हापूर

उत्तर : तुमच्या तीन प्रश्नांपैकी मधल्याचे उत्तर आधी देतो. कोळसुंदा दिसेलच अशी हमी कोणी दिली असेल, तर हमी देणाऱ्याबद्दलच शंका घ्यावी. हा प्राणी दिवसा, त्यातही सकाळी आणि संध्याकाळी, कळपाने शिकार करतो, त्यामुळे ताडोब्यासारख्या मोकळ्या पानझडी जंगलात तो पर्यटकांच्याही नजरेस पडतो. दाजीपूरच्या बाजूचे जंगल दाट आणि उताराचे आहे. तिथे कळप वाटेवर आला, तरी पाहता पाहता कारवीत दिसेनासा होतो. सहा महिन्यांत त्याची एकदाही गाठ पडली नाही आणि काम मात्र उत्तम झाले, असे सहज होऊ शकते, कारण काम प्राणी पाहण्याचे नसून त्याने मागे ठेवलेल्या खुणा नोंदवण्याचे आहे.

वाघाचे पट्टे आणि बिबट्याचे ठिपके प्रत्येकाचे वेगळे असतात, म्हणून कॅमेरा ट्रॅपच्या, म्हणजे समोरून प्राणी गेला की आपोआप चित्र टिपणाऱ्या कॅमेऱ्याच्या, छायाचित्रांवरून त्यांची मोजदाद करता येते. कोळसुंद्याचे अंग एकसारखे तांबूस असते आणि शेपटी काळी, झुपकेदार. सोमवारी एका पाणवठ्यावर टिपलेला आणि गुरुवारी दुसऱ्या खिंडीत टिपलेला प्राणी एकच की दोन, हे छायाचित्र पाहून ठरवणे फार अवघड जाते. जागतिक निसर्ग संवर्धन संघाने, म्हणजे आययूसीएनने, २०१५ मध्ये या प्राण्याचा आढावा घेतला, तेव्हा जगभरातील प्रजननक्षम कोळसुंद्यांचा अंदाज ९४९ ते २,२१५ असा दिला आणि त्याला संकटग्रस्त प्रजातींत ठेवले. या दोन आकड्यांमधले अंतरच सांगते की मोजणे किती कठीण आहे.

म्हणून सर्वाधिक भिस्त असते ती विष्ठेवर. विष्ठेवर लागून आलेल्या आतड्याच्या पेशींतून डीएनए मिळतो, आणि त्यावरून प्रजातीच नव्हे, तर प्रत्येक प्राणी वेगळा ओळखता येतो. केरळातील वायनाड अभयारण्यात या पद्धतीने केलेल्या मोजणीत दर १०० चौरस किलोमीटरला १२ ते १४ कोळसुंदे असल्याचा अंदाज निघाला, आणि तो २०२१ मध्ये प्रसिद्ध झाला. वायनाड अभयारण्य सुमारे ३४४ चौरस किलोमीटरचे आहे आणि आपले राधानगरी सुमारे ३५१. आकार जवळपास सारखाच आहे, म्हणून तोच आकडा इथे लावण्याचा मोह मात्र कोणी धरू नये, कारण तिथे चितळांचे कळप आहेत आणि आपल्याकडे भक्ष्याचा मुख्य भार सांबर, भेकर आणि रानडुकरांवर आहे.

आता प्रत्यक्ष दिनक्रम. कोळसुंद्यांचा कळप बहुधा वाटांच्या फाट्यावर, एकाच जागी विष्ठा टाकतो. अशी जागा सापडली की पहिल्यांदा हात न लावता शेजारी मोजपट्टी ठेवून छायाचित्र घ्यायचे, जीपीएसवरची जागा उतरवायची, आणि मग हातमोजे व मास्क चढवूनच पुढे बसायचे, कारण कुत्र्याच्या कुळातील प्राण्यांच्या विष्ठेत फीतकृमीची अंडी असू शकतात आणि ती माणसाला बाधतात. वरचा पातळ थर खरवडून अल्कोहोलच्या कुपीत जातो, उरलेला भाग कागदी पाकिटात वाळवला जातो. त्यातले केस पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहून कळपाने काय खाल्ले ते ठरते. कुपीवरची चिठ्ठी शिसपेन्सिलीने लिहायची, कारण अल्कोहोलचा एक थेंब सांडला की पेनाची शाई पुसली जाते, आणि नाव पुसलेला नमुना टाकून देण्याच्याच लायकीचा उरतो. विष्ठेत धान्याचे कण किंवा प्लॅस्टिक दिसले, तर ती गावकुत्र्याची असण्याचा संशय धरावा. नुसत्या पावलांच्या ठशावर विसंबून चालत नाही, कारण थोराड गावकुत्र्याचा ठसा आणि कोळसुंद्याचा ठसा मातीत फसवण्याइतके सारखे दिसतात.

कॅमेऱ्यांचे काम याहून कंटाळवाणे असते आणि त्यात डौल शून्य. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर बांधायचा, त्याचे तोंड शक्यतो उगवतीला किंवा मावळतीला नको, समोरचे गवत कापून टाकायचे. तसे न केल्यास वाऱ्यावर हलणाऱ्या पात्यांची हजारो चित्रे तपासण्यात तुमचा एप्रिल जाईल. तारीख आणि वेळ बरोबर लागली आहे का, हे निघण्यापूर्वी पाहायचेच.

पण या सगळ्यापेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळी आहे. अशा सर्वेक्षणात जंगलाचे चौकोन पाडलेले असतात. प्रत्येक चौकोनातल्या ठरलेल्या वाटा पुन्हा पुन्हा चालायच्या असतात आणि प्रत्येक टप्प्यावर खूण मिळाली की नाही ते लिहायचे असते. खूण मिळाली नाही म्हणजे प्राणी नाही, असे होत नाही. तो तिथे असूनही आपल्या नजरेतून सुटला असेल. एकाच वाटेवरच्या अनेक फेऱ्यांत ‘मिळाली’ आणि ‘नाही मिळाली’ कशी पडते, त्यावरूनच सुटण्याची शक्यता गणिताने काढता येते. म्हणून पाय दुखतात म्हणून शेवटचा अर्धा किलोमीटर न चालताच ‘नाही’ लिहून मोकळा होणारा प्रशिक्षणार्थी साऱ्या मोजणीला खोट आणतो. चुकीची विष्ठा आणली तर प्रयोगशाळेत पकडली जाते. आळसाने लिहिलेला ‘नाही’ पुढे कोणालाही ओळखता येत नाही.

यावरूनच संस्थेला काय विचारायचे ते ठरते. पहिली गोष्ट परवान्याची. अभयारण्यात अभ्यासासाठी शिरायचे, तर वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या कलम २८ खाली मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि त्यांचे कार्यालय नागपुरात आहे. त्या पत्राची प्रत मागा आणि प्रशिक्षणार्थींच्या यादीत तुमचे नाव आहे का ते पाहा. ‘वनरक्षक ओळखीचे आहेत’ हे त्याचे उत्तर नव्हे. दुसरी गोष्ट, तुम्ही जमवलेले नमुने कोणत्या प्रयोगशाळेत जाणार आणि त्यासाठी पैशांची तरतूद झाली आहे का. विष्ठेच्या कुप्या शीतकपाटात वर्षानुवर्षे पडून राहणे हा आपल्याकडच्या संशोधनाचा जुना रोग आहे. तिसरी गोष्ट, नोंदवह्या दर आठवड्याला कोण तपासणार. तपासणारा अनुभवी माणूस शिबिरात मुक्कामाला असेल, तर तुम्ही शिकाल. तो पुण्यात किंवा बंगळुरात बसून फोनवर असेल, तर तुम्ही केवळ बिनपगारी हमाल ठराल.

मानधनाबद्दल माझे मत स्पष्ट आहे. सहा महिने फुकट राबवून घेणे योग्य नाही, निदान प्रवासखर्च आणि अपघात विमा संस्थेने द्यायलाच हवा, आणि तो मागण्यात संकोच करू नये. उलट प्रमाणपत्रासाठी तुमच्याकडूनच शुल्क मागणारी संस्था असेल, तर सरळ नकार द्यावा. ‘पुढे काय’ या शंकेपुरते सांगायचे, तर ज्यांना नकाशा वाचता येतो, नमुना नीट घेता येतो आणि वनविभागाशी सरकारी भाषेत पत्रव्यवहार करता येतो, अशी माणसे संशोधन प्रकल्पांना कायम हवी असतात. छायाचित्रांची हौस हा त्यातला फार लहान भाग आहे.

प्रश्न : माझी मुलगी अशाच एका सर्वेक्षणासाठी आजरा तालुक्याकडे जाऊ इच्छिते. रानकुत्री कळपाने माणसावर येतात असे ऐकतो. तिला पाठवावे का?
— एक वडील, गडहिंग्लज

उत्तर : कोळसुंद्यांची भीती आपण मनातून काढून टाकावी. शिट्टीसारखा आवाज देत एकमेकांना हाकारणारा हा कळप माणसाची चाहूल लागताच बाजूला होतो. काळजी करायचीच, तर ती गव्याची आणि, आजरा-चंदगड भागात, कर्नाटकातून येणाऱ्या हत्तींची करावी. त्यांच्यासाठी नियम एकच. वाट माहीत असलेल्या स्थानिक माणसाशिवाय पाऊल टाकायचे नाही. तिथल्या धनगरवाड्यावरचा एखादा जाणता माणूस गव्याचा वास वाऱ्यावर ओळखतो, आणि तो सोबत आहे की नाही हे आपण संस्थेला अवश्य विचारावे.

गोचिडांकडे दुर्लक्ष नको. माकडताप हा आजार गोचिडांमुळे होतो, २०१६ च्या सुमारास शेजारच्या सिंधुदुर्गात त्याचे रुग्ण आढळले होते आणि त्याचा जोर साधारण जानेवारी ते मे, म्हणजे नेमका सर्वेक्षणाच्या काळात असतो. पूर्ण बाह्यांचे कपडे, विजार मोज्यात खोवणे, संध्याकाळी अंग तपासणे आणि ताप आल्यास डॉक्टरांना जंगलात राहत असल्याचे सांगणे, एवढे तिने पाळावे. सर्पदंशाच्या वेळी जवळचे ग्रामीण रुग्णालय कोणते आणि तिथवर नेणारे वाहन कोणाचे, हे तिला पहिल्याच दिवशी ठाऊक असावे. याखेरीज, पहाटे घाटरस्त्यावर दुचाकीने ये-जा करण्यात मला सर्व वन्यप्राण्यांपेक्षा अधिक धोका वाटतो. मुलींसाठी राहण्याची व स्वच्छतागृहाची वेगळी व्यवस्था आणि शिबिरात आणखी एखादी स्त्री सहकारी, ही मागणी आपण नव्हे, तर तिने स्वतः संस्थेपुढे लेखी ठेवावी. तिचे बोलणे संस्था कसे घेते, त्यावरून आपल्याला पाठवावे की नाही याचे उत्तर मिळेल.

प्रश्न : आमच्या वस्तीवर गेल्या उन्हाळ्यात दोन वासरे मारली गेली. कोणी बिबट्या म्हणतो, कोणी कोळसुंदे. मोजणीला आलेली मुले वासरांबद्दल विचारतात, लिहून घेतात आणि जातात. यात आमचा काय फायदा?
— एक शेतकरी, भुदरगड तालुका

उत्तर : आपली तक्रार रास्त आहे. बिबट्या गळा धरून गुदमरवतो आणि बहुधा शिकार ओढून आडोशाला नेतो. कोळसुंदे मागच्या बाजूने, मांड्यांवर आणि पोटावर तुटून पडतात आणि जागेवरच खातात. अडचण अशी की मोकाट गावकुत्रीही तशीच मागून धरतात, आणि त्यांनी मारलेल्या वासरांचे खापरही पुष्कळदा कोळसुंद्यांवर फुटते. ब्रिटिश अमदानीत तर रानकुत्रे मारण्याबद्दल बक्षिसे दिली जात, आणि त्या काळापासूनचा त्यांचा बदलौकिक अजून पुसलेला नाही.

फायद्याचे म्हणाल, तर महाराष्ट्रात पशुधनाच्या नुकसानभरपाईसाठीच्या वन्यप्राण्यांच्या यादीत रानकुत्र्याचाही समावेश आहे. घटना घडल्यापासून ४८ तासांच्या आत वनविभागाला कळवावे, पंचनामा होईपर्यंत मृत जनावर हलवू नये, आणि ‘हॅलो फॉरेस्ट’च्या १९२६ या क्रमांकावरही नोंद करता येते. मोजणीला येणाऱ्या मुलांनी त्याच दिवशी जखमांची छायाचित्रे व आजूबाजूचे ठसे नोंदवून त्यांची प्रत आपल्याला द्यावी, अशी अट आपण घालू शकता. अशी प्रत हाती असली, तर पंचनाम्याच्या वेळी बोलायला आधार राहतो. मृत जनावरावर विष घालू नका. तो गुन्हा तर आहेच, आणि त्यावर पहिल्यांदा आपलीच राखणीची कुत्री मरतात.

एक काम मात्र गावालाच करावे लागेल. वस्तीवरच्या कुत्र्यांना रेबीज आणि डिस्टेंपरची लस तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यामार्फत टोचून घ्यावी, कारण हे आजार कुत्र्यांकडून कोळसुंद्यांच्या कळपात शिरले की बऱ्याचदा कळपच्या कळप जातो, आणि रेबीज तर तुमच्या मुलाबाळांनाही सोडत नाही. लसीकरणाचे शिबिर पावसाळ्यापूर्वी लावायचे असेल, तर पशुधन विकास अधिकाऱ्यांना ग्रामपंचायतीचे पत्र मार्चमध्येच द्या, आणि त्यात कुत्र्यांची अंदाजे संख्या लिहा, म्हणजे लशी कमी पडणार नाहीत.