आधी लागू पडलेली केमो पुन्हा घ्यावी का?

प्रश्न : वडिलांच्या मांडीतला सार्कोमा (स्नायू, चरबी, हाड अशा भागांत होणारा कर्करोग) फुप्फुसांत पसरला होता. मुंबईत डॉक्सोरुबिसिन या केमोच्या औषधाच्या सहा सायकली (फेऱ्या) झाल्या, गाठी बऱ्याच आटल्या. वर्षभराने पुन्हा वाढताहेत. तेच औषध परत का देत नाहीत? (डिचोली)

उत्तर : औषध चालू असतानाच गाठी वाढल्या असत्या, तर ते परत देण्यात अर्थ नव्हता. इथे ते थांबवल्यावरही आजार वर्षभर गप्प राहिला, म्हणून तुमची शंका रास्तच आहे. अडचण हृदयाची आहे. या औषधाचा हिशेब जन्मभराचा असतो, मागचे डोस पुसले जात नाहीत. दर सायकलीला शरीराच्या चौरस मीटरमागे ७५ मिलिग्रॅम धरले, तर सहा सायकलींत ४५० होतात. त्यापुढे हृदय कमजोर होण्याचा धोका झपाट्याने वाढतो. इको (हृदयाची सोनोग्राफी) चांगला आला म्हणून मागचे खाते कोरे होत नाही. तुमचे डॉक्टर दुसऱ्या औषधाकडे वळत असतील, तर मला ते पटते. मात्र मुंबईचे डिस्चार्ज कार्ड आधी शोधा. ‘सहा सायकली’ एवढ्याने भागत नाही, दर वेळी किती मिलिग्रॅम गेले ते हवे.

प्रश्न : बहिणीलाही सार्कोमा आहे. तिला पूर्वी आयफॉस्फामाइड हे केमोचे औषध लागू पडले होते. आता तेच वाढीव डोसने, पंपावर, बरेच दिवस द्यायचे म्हणतात. हा प्रयोग तर नव्हे? (फोंडा)

उत्तर : नव्हे. सार्कोमात ही जुनी रीत आहे. नेहमीच्या डोसला न बधलेला आजारही काही जणांत वाढीव डोसला बधतो. मूत्राशय जपायला सोबत मेस्ना देतात, मूत्रपिंडासाठी क्रिएटिनिन तपासत राहतात. तुम्ही खाटेपाशी बसून एकच पाहा : ती असंबद्ध बोलू लागली, साधा वार चुकवू लागली, सारखी ग्लानीत जाऊ लागली, तर ‘दमलीय, पडू दे’ म्हणू नका. नर्सला तेव्हाच हाक मारा. हे औषध मेंदूवरही परिणाम करते.

प्रश्न : केमोची पुढची सायकल गणेश चवथीनंतर घेतली तर? (पेडणे)

उत्तर : गाठी सावकाश वाढत असतील आणि दम, दुखणे नसेल, तर थोडे दिवस मागेपुढे चालते, पण डॉक्टरांना विचारूनच. केमोनंतर साधारण ७ ते १४ दिवसांत रक्तातल्या पांढऱ्या पेशी तळाला जातात, म्हणजे जंतूंशी लढायचे बळ कमी होते. ते दिवस घर पाहुण्यांनी भरलेले असताना येऊ नयेत, हे तारीख ठरवताना सांगा. ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर आरती चालू असली तरी उठा. पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट पाहू नका. उपचार चालू असलेले रुग्णालय, नाहीतर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजची कॅज्युअल्टी गाठा.