कॉम्प्युटर सायन्समध्ये बीए? वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

प्रश्न : ताई नमस्कार. माझ्या मुलीची बारावी सांगलीत झाली, तिला अमेरिकेत आयोवा राज्यातल्या एका छोट्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळालंय, सगळ्या कॉलेजात मिळून दीड-पावणेदोन हजारच मुलं आहेत म्हणे, आणि फीमध्ये बऱ्यापैकी मदत पण देतायत. पण डिग्री बीए! कॉम्प्युटर सायन्समध्ये बीए. घरी सगळे विचारतायत की आर्ट्सच करायचं तर एवढ्या लांब कशाला. पुतण्या तिकडेच मोठ्या युनिव्हर्सिटीत एमएस करतोय, तो म्हणतो डिपार्टमेंटला आठ-नऊच प्रोफेसर आहेत, तिथे काय शिकणार. आणि मुलीने आजवर कोडिंग केलेलंच नाही. पाठवू का नको? – एक वडील, सांगली

उत्तर : दादा, आधी ते बीएचं मिटवू, कारण मला येणाऱ्या पत्रांत निम्मी भीती त्या दोन अक्षरांचीच असते. आपल्याकडे दहावी झाली की आर्ट्स, सायन्स, कॉमर्सच्या वाटा वेगळ्या होतात, म्हणून बीए म्हटलं की आपल्या डोळ्यासमोर इतिहास-मराठी येतं. तिकडच्या लिबरल आर्ट्स कॉलेजांत, म्हणजे एका मुख्य विषयाबरोबर इतरही बरेच विषय शिकवणाऱ्या छोट्या कॉलेजांत, फिजिक्स केलं तरी बीए, गणित केलं तरी बीए, आणि बरीच कॉलेजं दुसरी डिग्री देतच नाहीत. इंटेल कंपनी १९६८ मध्ये ज्या दोघांनी काढली त्यातले रॉबर्ट नॉइस तुमच्या मुलीच्या आयोवातलेच, तिथल्या ग्रिनेल कॉलेजचे १९४९ चे बीए, विषय फिजिक्स आणि गणित. बेल लॅब्ज या अमेरिकन प्रयोगशाळेने १९४८ मध्ये ट्रान्झिस्टर, म्हणजे आजच्या चिपचा मूळ भाग, जाहीर केला, आणि ग्रिनेलचे फिजिक्सचे सर ग्रँट गेल यांची त्याच्या शोधकांपैकी जॉन बार्डीन यांच्याशी जुनी ओळख होती, त्यामुळे चहूबाजूंनी मक्याची शेतं असलेल्या त्या छोट्या कॉलेजात तो फार लवकर पोचला आणि नॉइसना तो वर्गातच भेटला. मला ही गोष्ट फार आवडते.

बरं, नोकरीत बीए आड येतं का? शिकून झाल्यावर एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जी काम करायची मुभा मिळते, म्हणजे ओपीटी, ती १२ महिन्यांची, आणि स्टेम (सायन्स, टेक्नॉलॉजी, इंजिनिअरिंग, गणित) विषय असेल तर अजून २४ महिने वाढवून मिळते. हे वाढवून मिळणं डिग्रीला बीए म्हणतात का बीएस यावर नसतं, कॉलेजने तुमच्या विषयाला जो कोड दिलाय त्यावर असतं. आय-ट्वेंटी, म्हणजे व्हिसासाठी कॉलेज देतं तो फॉर्म, हातात आली की आणि मुलीने मेजर (मुख्य विषय) जाहीर केल्यावर परत एकदा, तो कोड स्वतः बघा. कॉम्प्युटर सायन्सचा नेहमीचा कोड ११.०७०१ आहे. नियम बदलत असतात, म्हणून कॉलेजच्या इंटरनॅशनल ऑफिसला मेल करून लेखी उत्तर घेऊन ठेवा, तोंडी नको.

आता पुतण्याचा मुद्दा. तो चुकीचं बोलत नाहीये. मी स्वतः मिडवेस्टमधल्या अशाच एका कॉलेजात शिकले त्यामुळे दोन्ही बाजू सांगू शकते. चार वर्षांत साधारण ३२ कोर्स होतात, त्यातले कॉम्प्युटरचे १० ते १२, वर थोडं गणित. बाकी सगळं बाहेरचं, मी फिलॉसॉफी केलं, जपानचा इतिहास केला, एक सेमिस्टर मातीची भांडी पण केली. आपल्याकडे इंजिनिअरिंगला जेवढे कॉम्प्युटरचे पेपर असतात त्याच्या निम्मे तिथे होतात हे खरं आहे. इंट्रो (सुरुवातीचा कोर्स), डेटा स्ट्रक्चर्स, कॉम्प्युटर ऑर्गनायझेशन, अल्गोरिदम्स, थिअरी हे पक्के असतात, पण ऑपरेटिंग सिस्टिम्स, कंपायलर, नेटवर्क्स, डेटाबेस हे एक वर्षाआड लागतात, आणि एखादे प्रोफेसर सबॅटिकलवर (संशोधनासाठीच्या लांब रजेवर) गेले की तो विषयच त्या वर्षी गायब. मशीन लर्निंगचे सहा वेगवेगळे कोर्स मोठ्या ठिकाणी असतील, इथे एक असेल, आणि त्यालाही जागा मिळेलच असं नाही कारण कॉम्प्युटरला एवढी गर्दी झालीये की काही कॉलेजांत लॉटरी काढून मुलं घेतात.

म्हणून वेबसाइटवरची लांबलचक कोर्स यादी बघून खूश होऊ नका. कॅटलॉगमध्ये सगळंच छापलेलं असतं. मागच्या दोन वर्षांची प्रत्यक्ष टाइमटेबलं मागवा आणि त्यात काय काय खरंच लागलं होतं ते मुलीबरोबर बसून बघा. कायमचे प्रोफेसर किती आणि एका वर्षासाठी आलेले व्हिजिटिंग किती तेही विचारा. आठ-नऊ कायमचे असतील तर छोट्या कॉलेजसाठी ते चांगलं डिपार्टमेंट आहे, तीनच असते तर मीच तुम्हाला थांबवलं असतं.

मग एवढं कमी असून जायचं कशाला? कारण अशा कॉलेजांत एमएस-पीएचडीची मुलं जवळपास नसतातच. मोठ्या युनिव्हर्सिटीत इंट्रोच्या वर्गाला पाचशे-पाचशे मुलं असतात आणि तुमचा पेपर एखादा ग्रॅड स्टुडंट तपासतो, प्रोफेसरच्या लॅबमध्ये पण पहिला नंबर पीएचडीवाल्यांचा. इथे वर्गात पंचवीस-तीस, शिकवणार प्रोफेसर, तपासणार प्रोफेसर (आणि जोडीला वरच्या वर्षाची मुलं), आणि संशोधनात मदतीला माणूस हवा असेल तर त्यांच्याकडे बॅचलर्सची मुलं सोडून कोणी नसतंच. मला दुसऱ्या सेमिस्टरला सी भाषेत लिंक्ड लिस्ट (एकीतून पुढचीकडे बाण असलेली माहितीची साखळी) काही केल्या जमत नव्हती, प्रोग्रॅम सारखा क्रॅश व्हायचा, मी रडकुंडीला येऊन मॅडमच्या ऑफिस अवर्सला (मुलांच्या शंकांसाठी राखलेल्या वेळेत) गेले तर त्यांनी लॅपटॉप बंद करायला लावला आणि कोऱ्या कागदावर चौकोन आणि बाण काढायला बसवलं, पाऊण तास, फक्त कागद. एका ठिकाणी बाण हवेत सुटलेला मला स्वतःलाच दिसला. आज नोकरीत नवीन मुलांना पॉइंटर, म्हणजे तेच बाण, समजावताना मी तेच करते. ह्या मॅडमनी पुढे मला उन्हाळ्यात कामावर घेतलं, आणि माझ्या शिफारसपत्रात लिहायला त्यांच्याकडे खरोखर काहीतरी होतं.

ह्याची दुसरी बाजू म्हणजे छोट्या वर्गात लपता येत नाही. दोन लेक्चर बुडली की सर मेल टाकतात. काही मुलांना हे अजिबात मानवत नाही. तुमची मुलगी अडली की तोंड उघडते का, का गप्प बसून रात्री एकटीच झगडते, हे तुम्हाला जास्त माहीत. गप्प बसणारी असेल तरी चालेल, पण पहिल्या महिन्यात एकदा तरी, प्रश्न नसला तरी, ऑफिस अवर्सला जायचंच एवढं तिच्याकडून कबूल करून घ्या.

कोडिंग येत नाही ह्याची चिंता करू नका. कॅलिफोर्नियातल्या हार्वी मड कॉलेजचं उदाहरण देते. तिथे इंट्रोच्या वर्गात शाळेपासून कोडिंग केलेली मुलं सगळी उत्तरं द्यायची आणि बाकीच्यांना, त्यात मुली जास्त, वाटायचं आपलं हे काम नाही. मग त्यांनी आधी केलेल्यांचा वर्ग वेगळा आणि कोरी पाटी असलेल्यांचा वेगळा केला, जावा सोडून पायथन आणलं, उदाहरणं बदलली. कॉम्प्युटर सायन्स घेणाऱ्यांत मुली साधारण १० टक्के होत्या त्या काही वर्षांत ४० टक्क्यांच्या आसपास गेल्या. ग्रिनेलमध्ये पहिला कोर्स स्कीम-रॅकेट घराण्याच्या भाषेत शिकवत आलेत, ती शाळेत सहसा कोणी शिकलेलं नसतं त्यामुळे पायथन-जावा करून आलेल्यांनाही पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. तुमच्या कॉलेजलाही विचारा, नवशिक्यांसाठी काय सोय आहे.

पैशाचं शेवटी, पण सगळ्यात नीट वाचा. अशा कॉलेजांचा छापील खर्च राहणं-खाणं धरून वर्षाला ८०,००० डॉलरच्या वर जातो, तो आकडा बघून बरेच लोक अर्जच करत नाहीत. प्रत्यक्षात श्रीमंत देणगीनिधी असलेली कॉलेजं परदेशी मुलांनाही मोठी मदत देतात. अ‍ॅमहर्स्ट आणि बोडनसारखी मोजकी कॉलेजं तर परदेशी मुलांनाही अ‍ॅडमिशन देताना पैसे मागतायत का हे बघतच नाहीत, बाकी बहुतेक ठिकाणी बघतात. तुम्हाला मिळालेल्या पत्रात किती ग्रँट आहे आणि किती कर्ज आहे ते वेगळं करा, ग्रँट परत करायची नसते. ती चारही वर्षं मिळणार का आणि फी वाढली तर ती पण वाढणार का हे विचारा. विमानाचं तिकीट, हेल्थ इन्शुरन्स, सुट्टीत हॉस्टेल बंद असतं तेव्हाचा खर्च, आणि आयोवाच्या थंडीचे कपडे, हे त्या पत्रात धरलेलं नसू शकतं. कॅम्पसवर सेमिस्टर चालू असताना आठवड्याला २० तासांपर्यंत काम करता येतं पण त्यातून वरखर्चच निघतो, फी निघत नाही.

हिशोब जुळत असेल आणि टाइमटेबल बघून समाधान झालं असेल तर दादा पाठवा तिला. घर गहाण ठेवावं लागत असेल तर नको, हे मी स्पष्टच सांगते.

प्रश्न : ताई, मला जेईईत कमी पर्सेंटाइल आलेत. बाबा म्हणतात मिळेल त्या इंजिनिअरिंगला जा, मला अशोका किंवा फ्लेमसारख्या लिबरल आर्ट्स युनिव्हर्सिटीत कॉम्प्युटर घ्यायचंय. नंतर गेट (एमटेकसाठीची परीक्षा) देता येतं का? बीटेक नसलं की दारं बंद होतात का? – एक विद्यार्थी, नाशिक

उत्तर : काही होतात, आणि ती आत्ताच माहीत असलेली बरी. बऱ्याच सरकारी कंपन्यांच्या इंजिनिअर पदांना बीई-बीटेकच लागतं, आणि कॅम्पसला येणाऱ्या काही कंपन्या पण फॉर्मवर तेवढंच लिहितात. गेटला मात्र बसता येतं, सायन्सच्या डिग्रीच्या तिसऱ्या वर्षापासून पुढे कोणीही बसू शकतो. पण गेटला बसणं वेगळं आणि एमटेकला घेणं वेगळं, तिथे प्रत्येक संस्था स्वतःची अट लावते, चार वर्षांची बीएस्सी ऑनर्स चालते का हे त्या-त्या संस्थेच्या माहितीपुस्तिकेतच बघायचं. एमसीए, एमएस्सी, परदेशातलं मास्टर्स ही दारं उघडी आहेत, परदेशासाठी चौथं वर्ष केलेलं फार उपयोगी पडतं.

सोनीपतचं अशोका २०१४ पासून चालू आहे, लवळ्याचं फ्लेम तुला जवळ आहे, आंध्रात श्री सिटीला क्रिया आहे. तिन्ही खाजगी, तिन्ही महाग. प्रत्यक्ष जाऊन दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या मुलांशी बोल, त्यांना विचार की सध्या कोणता प्रोजेक्ट चालूय आणि सर शेवटचे कधी भेटले. आणि गणित मनापासून आवडत असेल तर चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूटची बीएस्सी ऑनर्स बघ, गणित आणि कॉम्प्युटर सायन्स एकत्र आहे, संस्था छोटी, जेईई लागत नाही, त्यांची स्वतःची परीक्षा असते आणि ती सोपी नाही.

बाबांना म्हणावं, मिळेल ते इंजिनिअरिंग म्हणजे नक्की कोणतं कॉलेज, त्याचं नाव घेऊन बोलू. चांगलं सरकारी कॉलेज मिळत असेल तर मी बाबांच्या बाजूने आहे, फीमधला फरकच तेवढा आहे. ज्या कॉलेजात लॅबला कुलूप असतं आणि फाइली कॉपी करून चालतात तिथे चार वर्षं घालवण्यापेक्षा गावातली चांगली बीएस्सी कॉम्प्युटर सायन्स पण बरी. तो तिसरा पर्याय तुम्ही दोघांनी धरलाच नाहीये.

प्रश्न : मी अमेरिकेत एका छोट्या लिबरल आर्ट्स कॉलेजात तिसऱ्या वर्षाला आहे. यंदा ऑपरेटिंग सिस्टिम्स लागणारच नाही म्हणतायत, इंटर्नशिपच्या इंटरव्ह्यूत तेच विचारतात. आणि समर रिसर्चला अर्ज करायला गेले तर नागरिकत्व लागतं म्हणे. काय करू? – एक मुलगी, सध्या मिनेसोटा

उत्तर : अगं, तुझ्या शेजारच्या कॉलेजचं टाइमटेबल उघड आधी. छोटी कॉलेजं बऱ्याचदा एकमेकांच्या मुलांना वर्गात घेतात, फिलाडेल्फियाजवळ ब्रिन मॉर, हॅवरफर्ड आणि स्वॉर्थमोरची मुलं वर्षानुवर्षं असं करतायत, कॅलिफोर्नियात क्लेरमाँटची पाच कॉलेजं तर एकमेकांना लागूनच आहेत. तुमच्याकडे तसा करार आहे का हे रजिस्ट्रारला विचार. नसेल तर इंडिपेंडंट स्टडी. एखाद्या प्रोफेसरना जाऊन सांग की मला हा विषय करायचाय, आणि रिकाम्या हाताने जाऊ नकोस, आठवड्यांचा आराखडा करून ने : प्रोसेस, शेड्युलिंग, व्हर्च्युअल मेमरी, फाइल सिस्टिम, आणि एमआयटीची एक्सव्ही-सिक्स नावाची छोटी ऑपरेटिंग सिस्टिम आहे, तिचा सोर्स कोड सगळ्यांना खुला आहे, त्यात एक सिस्टिम कॉल स्वतः घालायचा असं प्रोजेक्ट धर. अजून दोन मुलं बरोबर घेतलीस तर सर लवकर हो म्हणतील, एकटीसाठी दर आठवड्याला तास काढणं त्यांनाही जड जातं.

समरचं म्हणशील तर एनएसएफ या अमेरिकन सरकारी संस्थेच्या पैशावर चालणारे आरईयू, म्हणजे बॅचलर्सच्या मुलांसाठीचे संशोधनाचे प्रोग्रॅम, नागरिक आणि ग्रीन कार्डवाल्यांसाठीच असतात, त्यात तुझं काही चुकलेलं नाही. पण तुझ्या कॉलेजचा स्वतःचा समर रिसर्चचा निधी असेल, बहुतेक ठिकाणी असतो, आणि त्यावर परदेशी मुलांनाही घेतात. त्याची मुदत बऱ्याच ठिकाणी फेब्रुवारी-मार्चमध्ये संपते आणि जागा प्रोफेसरांच्या मनात त्याआधीच भरलेल्या असतात, त्यामुळे डिसेंबरच्या सुट्टीला जायच्या आधी बोलून ठेव. बाहेर इंटर्नशिप मिळाली तर सीपीटी, म्हणजे शिकत असताना बाहेर काम करायची परवानगी, आधी मंजूर करून घे, ते हातात येईपर्यंत कामाचा एकही दिवस सुरू करायचा नाही. आणि आराखडा तयार झाला की मला पाठव, मी नजर टाकते.