‘कौल दिला नाही’ म्हणजे नेमका कशाला?

‘१९६७ साली गोव्याच्या जनतेने भाऊसाहेब बांदोडकरांना कौल दिला नाही’ हे गोव्याच्या पहिल्या मुख्यमंत्र्यांबद्दलचं वाक्य बरोबर आहे का, असा प्रश्न आला आहे. बरोबर नाही. आणि हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता राहवत नाही.

छपरावरचं ते कौल नपुंसकलिंगी, ते बाजूला ठेवू. हा पुल्लिंगी कौल अरबी ‘क़ौल’, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेला. अर्थ : बोल, दिलेला शब्द. त्याच धातूतून कव्वाल आणि कव्वाली! म्हणजे दर्ग्यातली कव्वाली आणि देवळातला कौल ही सख्खी भावंडं. हे कळलं त्या दिवशी भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

‘कुलदेवतेचा तो कौल’ अशी व्युत्पत्ती काही जाणकार छातीठोकपणे देतात. त्यांनी कौलनामा आणि कौलकरार हे शब्द कुलदेवतेतून काढून दाखवावेत. ओसाड गावात रयत पुन्हा वसावी म्हणून सरकार सवलतीच्या शेतसाऱ्याचा कौल देई. माझ्या मते देवळातला कौल त्या सरकारी कौलावरूनच आला. कोकण-गोव्यात देवाच्या अंगाला ओल्या पाकळ्या लावून गाऱ्हाणं घालतात. बहुधा उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. दोन्हीकडे मागणारा खालचा, देणारा वरचा.

१६ जानेवारी १९६७ ला हे उलटलं. गोव्याने महाराष्ट्रात विलीन व्हायचं की संघप्रदेश, म्हणजे केंद्रशासित प्रदेश, राहायचं, हे रयतेला विचारलं गेलं. त्याला नाव पडलं ‘जनमत कौल’. देणारी रयत, मागणारं सरकार! आणि विलीनीकरणाची निशाणी कोणती? फूल. समोर दोन पानं. मला तर यात देवळातला कौलच दिसतो.

पाकळी डावी पडली. संघप्रदेशाला १,७२,१९१ मतं, विलीनीकरणाला १,३८,१७०, फरक ३४,०२१. बांदोडकर २० डिसेंबर १९६३ पासून गोव्याचे पहिले मुख्यमंत्री आणि विलीनीकरणाचे कट्टर पुरस्कर्ते. मतदान निःपक्ष व्हावं म्हणून डिसेंबर १९६६ मध्ये त्यांच्या सरकारने राजीनामा दिला होता. पण मार्चच्या विधानसभा निवडणुकीत याच मतदारांनी त्यांच्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाला १६ जागा दिल्या आणि ऑगस्ट १९७३ मध्ये निधन होईपर्यंत तेच मुख्यमंत्री राहिले. कौल प्रश्नाला होता, माणसाला नव्हता.

आणि मतमोजणीच्या आधीच ‘एक्झिट पोलचा कौल’ लिहिणाऱ्यांनी तर हा शब्द पार झिजवला. चाचणी करणारे अंदाज बांधतात. पाकळी पडायच्या आधी ‘कौल मिळाला’ असं कुठला गुरव म्हणेल?

तुमचं वाक्य असं लिहा : ‘१९६७ च्या जनमत कौलात विलीनीकरणाची बाजू हरली आणि दोन-अडीच महिन्यांत बांदोडकरांचा पक्ष पुन्हा निवडून आला.’