आई गुडघ्यांसाठी रोज डायक्लोफेनॅक ही वेदनाशामक गोळी घेते, बीपीची गोळीही चालू आहे. चालेल का?

तुम्ही लिहिलंय, आई ६२ वर्षांची, गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात काजूची बागायत, दोन महिने रोज सकाळी डायक्लोफेनॅक ५०, सोबत बीपीची गोळी. आणि तिचं म्हणणं, 'गोळी घेतली की चालता येतं, मग बंद कशाला?'

मी डॉक्टर नव्हे, डिचोलीत फार्मसी चालवतो. 'आंग दुखता, एक गुळी दी' हे वाक्य दिवसातून कितीदा ऐकतो त्याचा हिशेब नाही. कायद्याने ही गोळी चिठ्ठीशिवाय देता येत नाही, पण ती कशी मिळते हे तुम्हालाही ठाऊक आहे.

आधी बीपीच्या गोळीची पट्टी उलटून नाव वाचा. टेल्मिसार्टन, लोसार्टन, रॅमिप्रिल यांतलं काही आहे का? शिवाय हायड्रोक्लोरोथायझाइड आहे का? बरेचदा नावापुढे नुसता 'एच' असतो. ते लघवी वाढवणारं औषध. तसं असेल तर माझी काळजी पोटापेक्षा मूत्रपिंडाची आहे.

डायक्लोफेनॅक शरीरातली प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्यं कमी करतं. सूज आणि ठणका त्यांच्यामुळेच वाढतो, म्हणून आराम खरा पडतो. आई खोटं बोलत नाही. पण हीच द्रव्यं जठराचं अस्तर सांभाळतात आणि मूत्रपिंडात रक्त आणणारी वाहिनी मोकळी ठेवतात. डायक्लोफेनॅकने ती आवळते. टेल्मिसार्टनसारख्या गोळीने रक्त बाहेर नेणारी वाहिनी सैलावते. 'एच'मुळे अंगातलं पाणी उतरतं. तिन्ही एकदम झालं की रक्त गाळायला लागणारा दाबच उरत नाही. त्यात एप्रिलच्या उन्हात काजूचे बोंडू गोळा करताना आई पाणी किती पिते, तेही बघा. वर डायक्लोफेनॅकने बीपी स्वतःच चढू शकतं, मग बीपीची गोळी वाढते आणि मूळ कारण कोणी विचारत नाही.

गिधाडं याच औषधाने संपत आली. जनावरांना टोचलेलं डायक्लोफेनॅक मेलेल्या गुरांच्या मांसातून त्यांच्या पोटात जायचं आणि मूत्रपिंडं निकामी व्हायची. म्हणून २००६ मध्ये जनावरांसाठी त्यावर बंदी आली. माणूस गिधाडाइतका नाजूक नाही, पण घाव बसतो तो त्याच जागी.

पोटाचं सांगतो ते घरचं. माझे वडील पाठदुखीसाठी ही गोळी महिनोन्महिने घेत, तीही माझ्याच दुकानातली. हुर्राकाच्या, म्हणजे काजूच्या दारूच्या दिवसांत संध्याकाळी एखादा पेला व्हायचाच. शौचाला काळं होतंय म्हणाले, तेव्हा लोहाच्या गोळ्यांमुळे असेल म्हणून मीच उडवून लावलं. आठ दिवसांनी चक्कर येऊन पडले. जठरात व्रण होऊन रक्त जात होतं. दुकानात बसणाऱ्या माणसाला हे कळू नये, याची लाज अजून वाटते. सोबत पँटोप्राझोल हे आम्ल कमी करणारं औषध घेतलं तर पोट बरंचसं वाचतं, पण मूत्रपिंड आणि हृदयासाठी त्याचा उपयोग नाही. हृदयविकार किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांना डायक्लोफेनॅक देऊच नये, असं युरोपच्या औषध नियामकाने २०१३ मध्ये सांगितलंय. इंजेक्शन घेतलं तर पोटाला त्रास नाही, ही समजूतही चुकीची. औषध रक्तातूनच आपलं काम करतं.

आता काय करायचं? रोजची गोळी थांबवा, बीपीची मात्र स्वतःहून थांबवू नका. या आठवड्यात रक्तातलं क्रिएटिनिन तपासून घ्या, मूत्रपिंड कसं चाललंय ते त्यावरून कळतं, आणि दोन्ही पट्ट्या घेऊन डॉक्टरांकडे जा. गुडघ्यासाठी डायक्लोफेनॅकचं जेल आहे. गोळीच्या मानाने त्यातलं फार थोडं औषध रक्तात उतरतं. पॅरासिटामॉलही विचारा, मात्र दोन औषधं एकत्र असलेल्या 'अंगदुखीच्या' गोळ्यांमध्ये ते बरेचदा आधीच असतं, तेव्हा दुप्पट होऊ देऊ नका. पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू नाही हे कळेपर्यंत डायक्लोफेनॅकला हातच लावू नका, रक्तस्राव वाढतो.

आई ऐकणार नाही, हे गृहीत धरतो. पट्टी लपवू नका, ती वाळपईहून दुसरी आणेल. त्यापेक्षा तिला विचारा, आठवड्यात खरोखर चालवत नाही इतकं दुखतं ते दिवस कुठले? डोंगर चढायचा दिवस, बाजाराचा दिवस? बहुधा दोनच निघतील. तेवढ्यापुरती गोळी चालेल का, ते क्रिएटिनिनचा आकडा हातात घेऊन डॉक्टरांना विचारा.